आजी अजूनही ‘कमेटी’च म्हणते

घरटॅक्सच्या उताऱ्यावर आजोबांच्या जागी माझ्या बाबांचं नाव लावायचं होतं. निघताना आजी म्हणाली, “कमेटीत चाल्ला का रे? पावत्या ने संग.” पाटीवर केव्हाचं ‘नगर परिषद’ आहे, पण आमच्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांची कमेटी काही सुटत नाही. आणि आजीचं चूक नाही. मध्य प्रांताच्या 1922 च्या कायद्यात म्युनिसिपल कमेटीच होती. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, तरी नगर परिषदांचा नवा कायदा आला तो 1965 चा. आमची ‘क’ वर्ग, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत.

टेबलावरचा बाबू म्हणाला, “भाऊ, रजिस्टर कपाटात हाये, चाबी सायबापाशी. अन् सायब मिटिंगले.” साहेब म्हणजे मुख्याधिकारी. ते सरकारचे, अध्यक्ष लोकांचे. तेही कधी जनतेतून, कधी नगरसेवकांतून, 2001 पासून हा नियम इतक्यांदा फिरला की आजी दर निवडणुकीत विचारते, “यंदा मतं किती द्याची?”

तिसऱ्या खेपेला रजिस्टर निघालं. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे वाळवीनं खाल्लेले. जांभळ्या शाईत आजोबांचं नाव आणि पुढे: ‘मातीचे घर, कवेलू, एक विहीर.’

विहीर बुजून वीस वर्षं झाली. बाबूला सांगितलं तर म्हणे, “त्याचा अर्ज येगळा.”