टाकी आली, मासे नंतर
आज शेवटी हॉलमध्ये फिशटँक मांडला आणि पोरगं सकाळपासून मागं लागलंय, पप्पा मासे आत्ताच आणूया की, म्हटलं थांब गा जरा! आपल्या बेळगावात नळाचं पाणी राकसकोप धरणाचं असू दे नाहीतर हिडकल धरणाचं, क्लोरीन असतंयच, म्हणून आधी अँटिक्लोरीन घातलं. पण खरी भानगड पुढंच आहे. माशांच्या घाणीतनं अमोनिया होतो, तो माशांना विषच, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि हे बॅक्टेरिया जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, तोवर पाणी कितीही नितळ दिसू दे, मासे पटापट मरतात (दुकानदार कशाला सांगतोय, मेले की गिऱ्हाईक परत येतंयच). म्हणून फिल्टर चालू करून रिकाम्या टाकीतच चिमूटभर खाणं टाकलं, ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर बॅक्टेरिया वाढतात ना, तर आई म्हणायली, कुणाला जेवू घालायलास रे!
गप्पीच आणायचे ठरलंय, गोल्डफिश लय घाण करतात. हीटर मात्र लागणार, डिसेंबरात आपल्याकडं रात्री पाणी गारठतंय आणि गप्पींना 24-25 डिग्री तरी पाहिजे. अमोनिया बघायचं टेस्ट किट बेळगावात कुठं मिळतंय काय? माहीत असेल त्यांनी सांगा की.