आकडा आणि बेरंग

टेबलटॉप रोलप्लेइंगबद्दल, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र वठवायच्या खेळाबद्दल, एक ठरलेली तक्रार ऐकू येते. जरा पात्रात शिरतोय तोच कुणीतरी 'हिट पॉइंट किती उरले?' (म्हणजे पात्रात जीव किती उरला त्याचा आकडा) विचारतं आणि रंगाचा बेरंग होतो. मग उपाय म्हणून नियमच काढून टाकतात आणि सगळा खेळ जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मर्जीवर येऊन पडतो. तक्रार खोटी नाही, पण बोट चुकीच्या जागी ठेवलेलं असतं. आकडा बघून खेळाडूने घेतलेला निर्णय पात्राने त्याच्या माहितीवर घेतला असता का, तपासायचं ते एवढंच.

धुळ्याजवळचा लळिंग किल्ला घ्या. फारुकींचा काळ, रात्रीची वेळ, तिघंजण धान्यकोठाराच्या मागे लागून वर चढलेत. पहारा जागा होतो. मागे मशाली, पुढे ६० फुटांचा कडा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या गाजलेल्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पडण्याचा मार दर १० फुटांना एक डी६, म्हणजे सहा बाजूंचा एक फासा. म्हणजे इथे सहा फासे, सरासरी २१, फार तर ३६. कागदावर ४५ हिट पॉइंट असलेला खेळाडू मनातल्या मनात बेरीज करतो आणि निवांत म्हणतो, "मी उडी मारतो." नियमाने तो बरोबर आहे. पण ३६ ही कमाल मर्यादा पात्राला कुठून कळणार? इथे कुणी आकडा उच्चारलाही नाही, तरी खेळ तुटला.

यावर साधा घरगुती नियम चालतो. ३० फुटांपुढच्या उडीला मार तर आहेच, वर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणाची फेक), डीसी १५, म्हणजे बेरीज निदान १५ व्हायला हवी. चुकला तर पाय मोडला, चालण्याचा वेग निम्मा, आणि लाँग रेस्टने (रात्रभराच्या विश्रांतीने) तो बरा होत नाही. मात्र हे उडीच्या आधी सांगायचं. "तू सातपुड्यात वाढलायस, असल्या कड्यावरून पडलेल्यांचं काय होतं ते तू पाहिलंयस" असं म्हणून सांगितलं की नियमाची माहिती ही पात्राचीच माहिती होते. उडी मारल्यावर सांगितलं तर ती शुद्ध फसवणूक, आणि पुढचा तासभर वादात जातो.

हिट पॉइंटची अडचण जुनीच आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दोन निर्मात्यांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, याने ही कल्पना आरमारी युद्धखेळांच्या नियमांतून उचलली. जहाजाला गोळे लागत जातात आणि शेवटी ते बुडतं, हे जहाजाला शोभतं. माणसाला नाही. १९७४ ला खेळ बाजारात आला आणि जीएमसाठीच्या १९७९ च्या मार्गदर्शकात दुसऱ्या निर्मात्याला, गॅरी गायगॅक्सला, खुलासा करावा लागला की या आकड्यात कौशल्य, नशीब वगैरे सगळंच धरलेलं आहे. टेबलावर त्याचा अर्थ असा: ४० पैकी ७ गेले तर पोटात भाला घुसवू नका. ढालीचा पट्टा तुटला, पाय घसरला, धाप लागली, असं सांगा.

पण इथे उलटी चूकही होते. सगळंच दमण्यावर नेलं तर विषारी बाणाचं काय करणार? रक्तच निघालं नाही तर विष भिनलं कसं? आणि 'क्युअर वूंड्स' हा जखमा भरणारा मंत्र नेमकं काय बरं करतो? म्हणून निम्म्यावर रेघ मारा. निम्म्याच्या वर थकवा, खरचटणं, हुकलेला तोल. निम्म्याखाली दिसेल असं रक्त. शून्यावर खरा घाव. विषाला रेघेच्या वरही एक ओरखडा पुरतो. चौथ्या आवृत्तीत (२००८) निम्म्यावरच्या या अवस्थेला 'ब्लडीड' असं नावच होतं. आवृत्तीवर टीका पुष्कळ झाली, पण ही गोष्ट तिच्याकडून जरूर घ्यावी. तिच्यातली टाळायची गोष्ट म्हणजे योद्ध्याचे दिवसातून एकदाच वापरता येणारे डाव. जादूगाराचा मंत्र संपतो हे पात्र सांगू शकतं. तलवारीचा तोच वार संध्याकाळपर्यंत पुन्हा का करता येत नाही, याचं उत्तर पात्राकडे नसतं.

आता पाणी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे खानदेशातल्या उन्हाळी मोहिमेत पाण्याचा हिशेब टाळून चालत नाही. बरेच जीएम लिटर मोजायला बसतात, कारण बारीक हिशेब म्हणजे खरेपणा अशी समजूत. चालणाऱ्या माणसाला मात्र लिटर माहीत नसतात. तो पखाल हलवून बघतो आणि अंदाज बांधतो. 'द ब्लॅक हॅक' या खेळातला युसेज डाय, म्हणजे साठा किती उरला ते सांगणारा फासा, नेमका हाच अंदाज देतो. भरलेल्या पखालीला डी८. फाशावर १ किंवा २ पडले की डी६, पुन्हा पडले की डी४, त्यावरही पडले की पखाल कोरडी. सरासरी ४, ३ आणि २ फेका, म्हणजे एकूण ९. तिसऱ्याच फेकीला पाणी संपण्याची शक्यता २४ त एक. दर घोटाला फासा टाकला तर हसं होतं. दुपारी एकदा आणि मुक्कामाला एकदा टाकला की डी८ साधारण साडेचार दिवस पुरतो, आणि डी४ वर आलेला गट वाटेतल्या प्रत्येक विहिरीकडे वळायला लागतो. तिथे पाटलाच्या तोंडी अहिराणीत एवढंच घाला, "पानी नई शे, भाऊ." वातावरणाचं वर्णन वेगळं करावं लागत नाही.

'ब्लेड्स इन द डार्क' या चोरांच्या खेळातली घड्याळं, म्हणजे ४, ६ किंवा ८ घरांत वाटलेलं वर्तुळ, वापरायला सोपी आणि बिघडवायला त्याहून सोपी. नुसतं घर रंगवलं की खेळाडू कागदाकडे बघत बसतात. 'पहाऱ्याचा संशय' असं सहा घरांचं घड्याळ असेल तर प्रत्येक घराला दिसणारी किंवा ऐकू येणारी एक खूण आधीच लिहून ठेवा: कुत्रं भुंकलं, तटावर मशाल हलली, कुणीतरी नावाने हाक मारली, दिंडी दरवाजा बंद झाला, माणसं खाली धावली, नगारा वाजला. आधी खूण सांगायची, मग घर रंगवायचं. त्याच खेळातला फ्लॅशबॅक (आधी केलेली तयारी मागाहून सांगणं) मात्र खेळाडूला लेखकाच्या खुर्चीत बसवतो. चोरीच्या कथेत मजा येते. मुलगा बापासमोर उभा आहे अशा प्रसंगात तो बंद ठेवलेला बरा.

फाशांचं म्हणाल तर डी२० चा (वीस बाजूंच्या फाशाचा) संच आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ऑनलाइन मागवावा लागतो, ल्यूडोचे फासे कटलरीच्या दुकानातही मिळतात. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाच्या (२०१०) पद्धतीत तेवढे दोनच लागतात. १० किंवा जास्त म्हणजे साधलं, ७ ते ९ म्हणजे साधलं पण किंमत मोजून, ६ किंवा कमी म्हणजे फसलं, जीएमची पाळी. कोरड्या फेकीत, म्हणजे बेरजेत वर काही न मिळवता, हे प्रमाण १७, ४२, ४२ टक्के पडतं. +१ मिळाला की २८, ४४, २८. +३ ला फसण्याची शक्यता ८ टक्क्यांवर येते आणि खेळ सपक होतो, म्हणून बढत्या जपून द्या.

फासा उचलण्याआधी खेळाडूने पात्राचे हात काय करताहेत ते सांगायचं, हा क्रम मोडू देऊ नका. "मी स्टेल्थ टाकतो" (चोरपावलांची फेक) असं आलं तर फासा हातात राहू द्या आणि विचारा, चपला काढल्यास का? उत्तर आलं की मगच फेक. मोबाइलवरचं डाइस ॲप वापरत असाल तर एकाच्याच फोनवर आणि फ्लाइट मोडमध्ये ठेवा, कारण नियमांपेक्षा जास्त बैठकी व्हॉट्सॲपच्या टुणटुणीने मोडतात.