पानशेतच्या पाण्यातून वाचलेले कागद

रविवार, रात्री उशिरा

आज आत्याकडे ट्रंक उघडली. डांबरगोळ्या आणि ओल, वास तोच.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, मग खडकवासलाही, आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं. आत्या तेव्हा नववीत. ट्रंक चिखलातून काढल्यावर आजीने एकेक पत्र जिन्याच्या पायऱ्यांवर पसरून वर खडे ठेवले. "लोक धान्य वाळवत होते आणि ही कागद! शेजारपाजारचे हसायचे गं," आत्या आज पुन्हा म्हणाली.

त्यातून जे उरलं ते बघताना एक गंमत कळली. दौतीच्या निळ्या शाईची पत्रं पार पसरली आहेत, नुसते ढग. आजोबांनी घाईत पेन्सिलीने लिहिलेली कार्डं मात्र अक्षरन् अक्षर वाचता येतात. एकाच्या कडेला आजीचा हिशोब: दूध पाऊण शेर, वाण्याचे राहिले. मजकुरापेक्षा मी तिथेच जास्त वेळ रेंगाळले.

आता कबुली. पणजोबांचं एकमेव मोडी पत्र बारा वर्षांपूर्वी मी लॅमिनेट करून आणलं. हौसेने! उष्णतेने वितळलेला डिंक कागदात मुरला, आता प्लास्टिक ओढलं तर कागदच फाटेल. आत पिवळं पडत चाललंय. पुराने जे केलं नाही ते मी शंभरेक रुपये देऊन करून घेतलं. निदान चांगला फोटो तरी काढला. तो घेऊन सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाईन, मोडी वाचणारं कुणी तिथे भेटेलच.

बाकीच्यांची आज रबरं काढली (चिकटून वितळलेली, शी!), गंजलेल्या टाचण्या काढल्या, सुती कापडात सैल बांधलं. ट्रंक माळ्यावरून खाली, पण जमिनीला टेकवून नाही. पुण्यात हे सांगावं लागू नये.

मग फोटो. मागे नावं लिहायला आत्याने माझं बॉलपेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. अकरा फोटो झाले. बाराव्यात आजोबांच्या शेजारी टोपीवाला कोण, ते तिला काही आठवेना. मी म्हटलं, नानाकाका असतील.

"असतील म्हणजे? मग लिहू नकोस."

मागे नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.