तुम्ही विचारलंत म्हणून: पडदा नक्की कोणाचा?

"मॅडम, प्रोग्राम तर लॅबच्या मशीनवर चालतोय, मग त्याची विंडो माझ्या घरच्या लॅपटॉपवर कशी काय उघडते?" मुंबईतल्या एका संस्थेची कम्प्युटर लॅब मी सांभाळते. दरवर्षी नवी मुलं आली की हा प्रश्न येतो, आणि आठवडाभरात त्याच्या मागून दुसरा: "माझी का उघडत नाही?" दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी सर्व्हर या शब्दाबद्दलची आपली समजूत उलटी करून घ्या. सर्व्हर म्हटलं की एसीच्या खोलीत घरघरणारं मोठं मशीन डोळ्यांपुढे येतं. एक्स विंडो सिस्टिम (थोडक्यात एक्स), म्हणजे लिनक्स-युनिक्स मशीनवर विंडो दाखवणारी यंत्रणा, तिच्यात मात्र सर्व्हर तुमच्या पुढ्यात असतो. ज्याच्याकडे पडदा, कीबोर्ड आणि माऊस, तो सर्व्हर. लांबच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम हा क्लायंट. तो मागणी करतो: एवढ्या मापाची विंडो दे, इथून तिथवर रेघ ओढ, ही अक्षरं लिही. तुमचा लॅपटॉप ते काढून देतो, आणि तुम्ही माऊस दाबलात की ती खबर पलीकडे पोचवतो.

ही कल्पना 1984 मधली, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रोजेक्ट अथेना या कॅम्पसभरच्या कम्प्युटर-प्रकल्पातली. बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी सुरुवात केली. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन्स एकाच कॅम्पसवर होती, आणि कुठल्याही मशीनवरचा प्रोग्राम कुठल्याही मशीनच्या पडद्यावर दिसायला हवा होता. अकरावी आवृत्ती सप्टेंबर 1987 मध्ये आली आणि आजही आपण तीच वापरतो. एक्स-इलेव्हनमधला इलेव्हन तो हाच.

पण पडदा तुमचा आणि त्यावर काढणारा परका, हे एकदा लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुणाला काढू द्यायचं? माझा जीव या प्रश्नात अडकलेला आहे, त्याला कारण आहे.

मी शिकत होते तेव्हा आमच्या लॅबच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. आधी आपल्या मशीनवर 'एक्सहोस्ट +' टाइप करा, मग टेलनेटने (लांबच्या मशीनवर लॉगिन करायची जुनी सोय) पलीकडे जा, तिथे डिस्प्ले या सेटिंगला (विंडो कुठल्या पडद्यावर काढायची ते) आपल्या मशीनचं नाव द्या. सगळे तसंच करायचे, मीही करायचे. त्या अधिकच्या चिन्हाचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. एका दुपारी एका सिनियरने मला त्याच्या मशीनपाशी बोलावलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझी मैत्रीण लॉगिन करत होती. तिच्या पडद्यावर पासवर्डच्या जागी नेहमीसारखं काहीच उमटत नव्हतं. इथे, त्याच्या पडद्यावर, तो एकेक अक्षर करून उमटत होता. माझ्या अंगावर काटा आला. त्याने लगेच तिला हाक मारून पासवर्ड बदलायला लावला आणि भिंतीवरचा कागद फाडला.

एक्समध्ये एकदा आत घेतलेला प्रोग्राम बाकीच्या विंडो बघू शकतो, दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकतो. आपण मुंबईकर शेजारी किल्ली ठेवतो, कारण शेजारी ओळखीचे असतात. 'एक्सहोस्ट +' म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. नेटवरच्या जुन्या उत्तरांत अजून हा उपाय सापडतो. कृपा करून करू नका.

किल्लीची सोय एक्समध्ये आहेच. तिला मॅजिक कुकी म्हणतात: 128 बिटांचा गुप्त आकडा, होम डिरेक्टरीतल्या एक्सऑथॉरिटी नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये ठेवलेला. ज्या प्रोग्रामला तो दाखवता येतो, त्यालाच आत प्रवेश. ही किल्ली पूर्वी हाताने पलीकडे न्यावी लागे. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीला गेल्यावर तातू इलोनेन यांनी एसएसएच हा लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्राम लिहिला, आणि किल्ली नेण्याचं काम एसएसएचने अंगावर घेतलं. 'एसएसएच -एक्स' म्हणा, त्यातला एक्स कॅपिटल. छोटा एक्स दिलात तर फॉरवर्डिंग, म्हणजे पलीकडची विंडो इकडे आणणं, उलट बंद होतं, आणि निम्मे फोन मला त्यापायीच येतात.

उरलेले फोन कसे असतात, तेही सांगते. मागच्या पावसाळ्यात कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं, गाड्या बंद पडल्या. मी डोंबिवलीत घरी, एक विद्यार्थी बदलापूरला. "मॅडम, कान्ट ओपन डिस्प्ले येतंय. रात्रीपर्यंत सरांना ग्राफ पाठवायचाय." डिस्प्लेमध्ये काय आहे ते वाच म्हटलं. "लोकलहोस्ट, दहा. ते चुकलंय ना? मी लॅपटॉपचा आयपी घालू?" अजिबात नको, म्हटलं. ते बरोबरच असतं. एसएसएच पलीकडच्या मशीनवर एक खोटा पडदा उभा करतं. खऱ्या पडद्यांशी गल्लत नको म्हणून त्याचा नंबर दहापासून पुढे, आणि तिथे आलेलं सगळं बंद नळीतून तुमच्याकडे येतं. आयपी घातलात की नळी सोडून उघड्या रस्त्याने जाता.

मग लॉगिन होताना आलेल्या ओळी वाचून दाखव म्हटलं. त्यात होतं, ऑथॉरिटी फाइल लॉक करता येत नाही. इथे मला कळलं. कोटा, म्हणजे लॅबच्या मशीनवर त्याला दिलेली डिस्कची जागा, बघायला लावला: भरलेला. किल्ली ठेवायलाच जागा नव्हती! जुन्या कोअर फाइली (प्रोग्राम कोसळला की मागे उरतात त्या) काढून टाकल्या, पुन्हा लॉगिन केलं, 'एक्सक्लॉक' चालवलं. "आलं मॅडम, घड्याळ आलं!" तो ओरडला ते फोनशिवायही ऐकू आलं असतं. ते साधं काट्यांचं घड्याळ मला इतक्या वर्षांनीही आवडतं. ते दिसलं म्हणजे वाट मोकळी आहे.

एसएसएचला एक्सऐवजी कॅपिटल वाय दिला की सगळं बिनबोभाट चालतं, असं मुलं एकमेकांना सांगतात. चालतं, कारण वाय म्हणजे पलीकडच्या मशीनवर पूर्ण विश्वास. आमच्या लॅबच्या मशीनसाठी द्या. अनोळखी मशीनसाठी देऊ नका, कारण तिथला ॲडमिन तुमच्या कळा ऐकू शकतो. काही लिनक्स डिस्ट्रिब्युशन्समध्ये दोन्हींत फरकच ठेवलेला नसतो, तेव्हा सेटिंग तपासून घ्या.

परदेशी गेलेली मुलं विचारतात, तिथून लॅबचा प्रोग्राम इतका संथ का? नेट तर इथल्यापेक्षा वेगवान आहे. अडचण नेटच्या रुंदीची (बँडविड्थची) नाही, फेऱ्यांची आहे. प्रोग्राम विचारतो, उत्तराची वाट बघतो, मग पुढचं विचारतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन सरळ रेषेत 7,200 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान 72 मिलिसेकंद. शंभर फेऱ्यांचा मेनू उघडायला सात सेकंद. तिथे एक्सप्रा हा प्रोग्राम वापरा, तो या फेऱ्या लॅबच्या मशीनवरच उरकतो आणि तुमच्याकडे विंडोचं चित्र तेवढं पाठवतो. त्याचा आणखी एक फायदा आहे: साध्या फॉरवर्डिंगमध्ये लोकल मुंब्र्याला पोचली आणि नेट गेलं की प्रोग्रामही मरतो, एक्सप्रामध्ये तो लॅबच्या मशीनवर जिवंत राहतो. डोंबिवलीला उतरा, घरी जा, पुन्हा जोडा, विंडो होती तिथेच असते.

एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडबद्दलही विचारता. त्यात प्रोग्रामला एकमेकांच्या कळा ऐकता येत नाहीत, याचा मला मनापासून आनंद आहे. लांबून विंडो आणायची सोय त्याच्या गाभ्यात नाही, त्यासाठी वेपाइप हा वेगळा प्रोग्राम आहे. लॅबच्या दोन मशीन्सवर ते बसवलंय. कुणाला करून बघायचं असेल तर या, तुमचा लॅपटॉप घेऊन.