डाव्या हाताची क्यूसू

१७ नोव्हेंबर

सुरुवात चुकीच्या भांड्याने झाली, म्हणून ती नोंद आधी.

जपानमधल्या नागोयाला येऊन दीड वर्ष झालं. इतके दिवस हिरवा चहा म्हणजे कपात पुडी बुडवायची, एवढंच. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका वयस्कर सहकारी बाईंनी काकेगावा गावच्या सेन्चाचं, म्हणजे इथल्या रोजच्या हिरव्या चहाचं, शंभर ग्रॅमचं पाकीट हातात ठेवलं आणि बजावलं, "क्यूसूतच करायचा हं." क्यूसू म्हणजे जपानी चहाची किटली, इतपत ठाऊक होतं. दुकानात एक काळी, जड, अंगभर बारीक पुटकुळ्यांची नक्षी असलेली लोखंडी किटली दिसली आणि मी पाघळले. घरी आणली, पाणी भरलं, थेट गॅसवर चढवली. चौथ्या दिवशी आतल्या काळ्या मुलाम्याचा टवका पाण्यात तरंगत होता. मग डब्यावरचा कागद वाचला: विस्तवावर ठेवू नये.

चूक दुकानाची नाही, माझीच. नानबु लोखंडाच्या नावाने इवाते प्रांतात, मोरिओका आणि ओशूकडे, दोन प्रकारची भांडी होतात आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात. तेत्सुबिन आतून कोरी असते. ती पाणी उकळायची, तिच्यात पत्ती टाकत नाहीत. दुसरी आतून इनॅमल लावलेली, पोटात जाळीची टोपली असलेली. ती चहा मुरवायची, तिला आच दाखवायची नाही. ज्यांना लोखंडीच घ्यायची हौस आहे त्यांनी झाकण काढून आत बघावं. चकचकीत काळं दिसलं तर गॅसपासून लांब.

माझीत सध्या पुदिना लावलाय.

३० नोव्हेंबर

किटली बघणं थांबवून आधी पत्ती वाचायला घेतली. हे आधीच करायला हवं होतं.

सेन्चाची पानं खुडल्यावर लगेच वाफवतात, म्हणजे ती काळी पडत नाहीत. साधारण अर्धा-पाऊण मिनिट वाफवलं की असामुशी. त्याची पानं सुईसारखी लांब राहतात आणि चहा पिवळसर, नितळ उतरतो. मिनिटभर किंवा त्याहून जास्त वाफवलं की फुकामुशी. पान इतकं मऊ पडतं की वळताना त्याचा चुरा होतो, आणि चहा दाट हिरवा, जरासा गढूळ येतो. काकेगावाचा चहा या दुसऱ्या जातीचा. पाकीट उघडून ताटलीत पसरलं तेव्हा निम्मी तर पूडच होती.

आता ही पूड गाळायची कशी, यावर सगळी किटली ठरते. गाळणीचे मुख्य प्रकार मला हे दिसले. तोटीच्या मुळाशी मातीचीच जाळी, तिला बारीक शेकडो भोकं. ही जाळी फार बारीक असली तर तिला सासामे म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे पोटाच्या आतून गोल फिरवलेली स्टीलची पट्टी, ओबिआमि. तिसरा, काढता-घालता येणारी टोपली. टोपली धुवायला सोपी, पण पानं तिच्यात दाटीवाटीने बसतात, मोकळी होत नाहीत. भात शिजवताना पातेलं लहान पडावं तसं. स्टीलची पट्टी फुकामुशीला उत्तम चालते, असं सगळेच सांगतात. मला मातीच्या भांड्यात स्टील बघवत नाही. हा निव्वळ हट्ट आहे, त्याला शास्त्रीय आधार नाही.

पाण्याबद्दल एकच. आपल्याकडे चहाला आधण येतं, इथे आधण आलेलं पाणी निववतात. सेन्चाला ७० ते ८० अंश, ग्योकुरोला, म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाला, ५० ते ६०, होजिचाला, म्हणजे भाजलेल्या चहाला, मात्र कढत. कारण सरळ आहे. तुरटपणा देणारी कॅटेचिनं गरम पाण्यात भराभर उतरतात, गोडसर चव देणारं थिॲनिन कोमट पाण्यातही उतरतं. निववायला युझामाशी नावाचं चोचीचं भांडं मिळतं. मी पाणी या कपातून त्या कपात ओतते. दर खेपेला पाच-दहा अंश उतरतं.

१९ डिसेंबर

मुठीवर अडकले.

क्यूसूची ओळखीची मूठ कडेला असते, तोटीशी साधारण काटकोनात. हिला योकोदे म्हणतात. मूठ उजव्या हातात धरायची, अंगठा झाकणावर, आणि मनगट आत वळवायचं. पळीने वाटीत तेल सोडताना वळतं तसंच. कोपर हलत नाही, धार हातात राहते. फार हुशारीची रचना आहे, फक्त मी डावखुरी आहे. डाव्या हातात हीच किटली धरली की तोटी भलत्या बाजूला जाते आणि मनगट बाहेरच्या अंगाला पिळावं लागतं. शेजारणीच्या किटलीवर करून पाहिलं, तिच्या टेबलक्लॉथवर सेन्चाचा नकाशा उमटला.

पर्याय तीन. मागे कान असलेली उशिरोदे, आपल्या साध्या किटलीसारखी, दोन्ही हातांना चालते. मूठच नसलेली होहिन. ती ग्योकुरोसाठी, कारण पाणी इतकं कोमट असतं की भांडं तसंच धरता येतं. माझ्या रोजच्या ७५ अंशांना बोटं पोळतील. आणि तिसरा, डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूला मूठ बसवलेली योकोदे. अशा बनतात, पण दहा दुकानं फिरलं तर एखाद्यात एखादी.

उशिरोदे घेऊन मोकळं व्हावं हा शहाणपणाचा मार्ग होता. पण चिपळूणच्या घरात लहानपणापासून ऐकलंय की डाव्या हाताने वाढू नये, डाव्या हाताने चहा पुढे करू नये. निदान एक तरी भांडं असं असावं जे माझ्या हाताचं माप घेऊन बनलंय. हा मुद्दा चहाचा नाही, मान्य.

८ फेब्रुवारी, तोकोनामे

नागोयाहून मेइतेत्सु रेल्वेच्या गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, चिता द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, इसेच्या उपसागराकडे तोंड करून हे गाव बसलंय. जपानच्या सहा प्राचीन कुंभारगावांपैकी एक. बाकीची सेतो, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन.

कुंभारवाड्याची पायवाट तोजिकी काइकान या मातीच्या भांड्यांच्या दालनापासून सुरू होते. पुढे एका चढावर दोन्ही बाजूंच्या भिंती सांडपाण्याच्या मातीच्या नळांच्या आणि दारूच्या जुन्या बरण्यांच्या रचलेल्या. या गावाने किटल्यांच्या जोडीने नळही घडवले, आणि माल खराब निघाला तर फेकून न देता त्याच्या भिंती बांधल्या. टेकडीवरची चढती भट्टी १८८७ साली बांधलेली, १९७४ पर्यंत पेटती होती. तिची दहा धुराडी उतारावर ओळीने उभी आहेत, उंची कमीजास्त. मी तिथे अर्धा तास नुसती उभी होते. गारठ्याने नाक वाहत होतं.

इथली प्रसिद्ध माती लाल, शुदेइ. लोखंड भरपूर, म्हणून भाजल्यावर गेरूसारखा रंग. जांभ्याच्या भिंतीत वाढलेल्या माणसाला लाल मातीचं काय कौतुक, असं वाटलं होतं. पण हात लावला तर अंग कासवाच्या पाठीसारखं घट्ट आणि गुळगुळीत, ठिसूळपणा नावालाही नाही. या मातीची क्यूसू इथे १८५४ मध्ये सुगिए जुमोन यांनी पहिल्यांदा घडवली, असं मानतात. १८७८ साली गावातल्या कोइए होजू यांच्या पुढाकाराने एक चिनी कारागीर आला आणि त्याने चीनमधल्या यीशिंगची किटल्या घडवायची पद्धत शिकवली. १९९८ मध्ये इथल्या तिसऱ्या पिढीच्या यामादा जोझान यांना क्यूसूच्या कामासाठी जपानने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवलं.

चौथ्या दुकानात साठीच्या पुढच्या एक बाई होत्या. डावखुरी म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग म्हणाल्या की त्यांच्या पिढीत शाळेत मारून उजवा करायचे. मागच्या फळीवरून दोन क्यूसू काढल्या. एक लाल, ३६० मिलिलिटरची. एक काळी, २३० ची.

मी सवयीने मोठीकडे हात नेला.

"घरात किती जण पिता?"

"आम्ही दोघं."

"मग ही काळी."

"आणि कोणी आलं तर?"

त्या हसल्या. "परत पाणी घालायचं." आणि खरंच, त्याच पत्तीवर दुसरी-तिसरी खेप होते. पण हे कळायला एखाद्या कोकणी माणसाला जपानला यावं लागतं. आपलं आधण नेहमी दोन कप जास्तीचं. मोठ्या क्यूसूत दोन कपांपुरतंच पाणी घातलं तर पानं तळाशी चिकटून पसरतात, नीट उमलत नाहीत, आणि हातात विनाकारण वजन. आकड्याबद्दल एक लक्षात ठेवा. २३० म्हणजे काठोकाठ. रोजच्या वापराचे १६०-१८० धरा.

मग त्यांनी घेण्याआधी काय बघायचं ते दाखवलं. पाणी भरून ओतायला लावलं आणि झाकणावरचं भोक बोटाने बुजवायला सांगितलं. धार तिथल्या तिथे थांबली. म्हणजे झाकण बरोबर बसलंय, दुसरीकडून हवा शिरत नाही. चांगल्या क्यूसूचं झाकण भाजल्यानंतर त्याच किटलीवर घासून बसवतात, म्हणून ते दुसऱ्या कुठल्या किटलीवर जात नाही. मग रिकामी क्यूसू त्यांनी चक्क मुठीवर उभी केली, तोटी आभाळाकडे. उभी राहिली. मूठ आतून पोकळ असते, तरी तोल बरोबर साधला की उभी राहते म्हणे. शेवटी ओतणं थांबवल्यावर तोटीखालून थेंब ओघळतो का ते. नाही ओघळला.

काळा रंग कसा येतो? एक रीत अशी की भाजलेलं लाल भांडं भाताच्या तुसात पुरून पुन्हा भट्टीत घालायचं, काजळी मातीत मुरते.

सासामे गाळणी, ७,४०० येन. ओंजळीत धरून गाडीत बसले.

२ मार्च

तोटीवर प्लॅस्टिकची छोटी नळी चढवलेली होती. तोटीचं टोक प्रवासात फुटू नये म्हणून असते, घरी आल्यावर काढायची. आमच्या इथल्या दोन घरांत ती वर्षानुवर्षं तशीच आहे. तिच्यात चहा साचून काळा पडतो आणि धार वाकडी येते. घरात अशी क्यूसू असेल तर आज काढा.

तीन आठवड्यांनंतर माझं सध्याचं माप: ४ ग्रॅम पत्ती, १६० मिलिलिटर, ७५ अंश. असामुशीला एक मिनिट, फुकामुशीला ३५-४० सेकंद. पत्ती बुडाली की भांडं हलवायचं नाही, हलवलं की पूड जाळीवर येते आणि चहा कडवट होतो. दोन कपांत आलटून-पालटून थोडं थोडं, आणि शेवटचा थेंबही झटकून काढायचा. आत उरलं तर पुढची खेप आधीच तुरट झालेली असते. ओतल्यावर क्यूसूच्या पाठीवर एक हलकी टपली, म्हणजे पानं जाळीपासून मागे सरकतात, आणि झाकण किंचित तिरकं ठेवायचं. दुसऱ्या खेपेला पाणी जरा जास्त गरम आणि दहा सेकंद पुरतात.

फुकामुशीने सासामे दोनदा तुंबली. तोटीतून उलटं पाणी सोडल्यावर सुटली. साबण लावत नाही. चोथा काढायचा, गरम पाण्याने विसळायची, झाकण वेगळं ठेवून वाळवायची.

पुण्याच्या मैत्रिणीने माझ्याकडून नेलेली तीच पत्ती तिच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात केली, अगदी मुकी लागली म्हणाली. इथल्या नळाला किसो नदीचं हलकं पाणी येतं. किटलीवर खर्च करण्याआधी पाणी तपासा.

१३ एप्रिल

लाल मातीतलं लोखंड चहाचा तुरटपणा मारतं, हे इथे सगळे छातीठोक सांगतात. नवऱ्याला कामाला लावलं. एकच पत्ती, एकच पाणी, एक खेप क्यूसूत आणि एक शंभर येनच्या दुकानातल्या पांढऱ्या चिनीमातीच्या किटलीत. मी दुसऱ्या खोलीत. पाच वेळा केलं, तीनदा ओळखलं. नाणं उडवून साधारण इतकंच येतं. नवरा म्हणाला तो पाचही वेळा ओळखू शकला असता. अर्थात, ओतत तोच होता.

तेव्हा पहिली क्यूसू घेताना मातीच्या गोष्टींना फार भुलू नका. झाकण, जाळी, माप आणि हात, एवढं जमलं तर योक्काइची गावची जांभळट मातीची बांको क्यूसू घ्या नाहीतर तोकोनामेची लाल. मी पैसे धारेला दिले, आणि ती धार पांढऱ्या किटलीला एकदाही जमली नाही.

११ मे

नवा चहा आला. जपानी पंचांगातल्या वसंताच्या पहिल्या दिवसापासून अठ्ठ्याऐंशीव्या रात्री, म्हणजे २ मेच्या आसपास, खुडलेल्या पानांचं इथे मोठं अप्रूप. या नव्या चहाला शिंचा म्हणतात. ७० अंशांवर पहिली खेप केली. कच्च्या वाटाण्याच्या शेंगा सोलल्यावर हाताला येतो तो वास.

दुसऱ्या खेपेनंतर विसळताना तोटी नळाला लागली. आवाज इतका लहान की आधी वाटलं काही नाही. टोकाला तांदळाच्या कणीएवढा टवका उडालाय, तिथे काळ्याखाली लाल माती दिसते. धार अजून सरळ येते, पण थांबवली की एक थेंब तोटीखालून ओघळून टेबलावर पडतो. ती प्लॅस्टिकची नळी कचऱ्यात शोधली, मिळाली नाही. आता डाव्या बाजूला घडी घातलेलं फडकं ठेवते.