फ्रोझोलोनेचा जुना मोत्झेत्ता : ओळख पटली, पातं झालं, आता मूठ

गंजून अडकलेला माझा जुना इटालियन चाकू आता उघडतोय, मिटतोय, आणि मिटताना स्प्रिंगचा टक असा आवाज पण स्वच्छ येतोय, म्हणून काम जिथपर्यंत आलंय तिथपर्यंतचं सगळं लिहून काढतो. मिलानमध्ये नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठाने महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे घेतलेला हा चाकू. शिंगाची मूठ, साध्या कार्बन स्टीलचं पातं, मिटलेला ११ सेंटीमीटर, पातं ८ च्या आसपास आणि पात्याचं टोक सरळ कापलेलं. विकणारा म्हणाला तोस्कानाचा (म्हणजे टस्कनीचा) आहे, पण इथे प्रत्येक जुना चाकू तोस्कानाचाच असतो, त्यामुळे ते बाजूला ठेवलं आणि चाकूलाच विचारायचं ठरवलं.

माझं ठाम मत आहे की ओळख पटल्याशिवाय सँडपेपरला हात लावायचा नाही. जे पुरावे असतात ते गंजाच्या आणि मळाच्या थरातच असतात, एकदा पातं चकाचक केलं की ते गेले. त्यामुळे आधी सगळ्या बाजूंनी फोटो, व्हर्निअरने मापं, मुठीच्या खाचेतला मळ सुद्धा काढायच्या आधी फोटो.

सगळ्यात आधी ते कापलेलं टोक. ज्यांनी इटालियन चाकू फारसे हाताळले नाहीत त्यांना वाटतं की टोक तुटलं असणार आणि कोणीतरी घासून सरळ केलं असणार. तसं असू शकतं, पण इथे एक वेगळी गोष्ट आहे. १९०८ मध्ये, जोलित्ती पंतप्रधान असताना, इटलीत एक कायदा आला आणि ४ सेंटीमीटरपेक्षा लांब टोकदार पात्याचा चाकू जवळ बाळगून फिरायला बंदी झाली. आता शेतकऱ्याला, मेंढपाळाला चाकू तर रोज लागतोच, ब्रेड कापायला, चीज कापायला, द्राक्षाच्या फांद्या छाटायला, मग कारागिरांनी जुन्याच आकाराच्या पात्यांचं टोक उडवून चाकू विकायला सुरुवात केली. या बोथट टोकाच्या चाकूंना मोत्झेत्ता म्हणतात आणि ते आजही बनतात. म्हणजे टोक कारागिरानेच कापलेलं असेल तर चाकू बहुतेक १९०८ नंतरचा, आणि मालकाने नंतर कापलं असेल तर आधीचा पण असू शकतो. सगळा तपास इथेच अडकलेला होता.

हे कसं ओळखायचं ते जरा सविस्तर सांगतो कारण मला यातच सगळ्यात जास्त मजा आली. चाकू मिटवा आणि मुठीच्या खाचेत पात्याचं टोक कुठे येतंय ते बघा. पातं मुळात टोकदार असेल तर खाच त्या लांबीची कापलेली असते, आणि नंतर एक-दीड सेंटीमीटर टोक उडवलं तर मिटल्यावर तेवढी जागा रिकामी दिसते. माझ्या चाकूत ती जागा जेमतेम २ मिलिमीटर आहे. दुसरं, कापलेल्या कडेचा पृष्ठभाग भिंगाखाली बघा, गंजाचे खड्डे बाजूवरून त्या कडेवर सलग गेलेत का, रंग तोच आहे का. इथे तोच काळपट करडा रंग, तेच बारीक खड्डे. आणि तिसरं म्हणजे पात्याची पाठ टोकाकडे जाताना हळूहळू खाली उतरते, त्या उताराचा शेवट कापलेल्या कडेशी बरोबर जुळतो, मध्येच तुटल्यासारखा वाटत नाही. तिन्ही गोष्टी एकाच बाजूने बोलतायत, टोक कारागिराचंच आहे.

मग शिक्का. पात्याच्या मुळाशी काहीतरी ठोकलेलं होतं पण गंजाने भरलेलं. शिक्का असलेल्या जागेवर कधीच पेपर मारू नका. मी तेलात भिजवलेल्या लाकडी टूथपिकने गंज मोकळा केला, कापडाने पुसला, नंतर बोटाने थोडी टाल्कम पावडर चोळून वरची पुसून टाकली म्हणजे खोलगट अक्षरांत पांढरं राहतं, आणि खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला. वरच्या ओळीतलं कारागिराचं नाव गेलंय, ते आता परत येणार नाही. खालच्या ओळीतली शेवटची अक्षरं मात्र लख्ख दिसली, "लोने". फ्रोझोलोने!

इटलीत चाकूंची गावं ठरलेली आहेत. उत्तरेला फ्रिउलीमध्ये मानियागो, तिथे १४५३ पासून कालव्याच्या पाण्यावर घण चालायचे. तोस्कानात स्कार्पेरिया, ते गावच फ्लोरेन्सने १३०६ मध्ये वसवलं आणि तिथे आज चाकू-कात्र्यांचं म्युझियम आहे. सार्दिनियात पात्तादा, तिथलं पातं मर्टलच्या पानासारखं निमुळतं, एकदा बघितलं की विसरत नाही. आणि दक्षिणेकडे मोलिझेच्या डोंगरात फ्रोझोलोने, चाकू आणि कात्र्या दोन्हीसाठी प्रसिद्ध. या भागातून मेंढपाळ शतकानुशतकं कळप घेऊन हिवाळ्यात खाली पुल्याच्या मैदानात उतरायचे आणि उन्हाळ्यात परत डोंगरावर चढायचे, आपले धनगर पावसाळा संपला की कोकणात उतरतात तसंच. त्या वाटांना तिकडे त्रात्तुरो म्हणतात आणि ही स्थलांतराची परंपरा २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलीये. असा माणूस दिवसभर ज्या चाकूवर अवलंबून असतो तो चाकू हा, त्यामुळे पातं धार लावून लावून मधे थोडं झिजलंय ते मला दोष वाटतच नाही.

काळाबद्दल एवढंच म्हणेन की "इनॉक्स" (म्हणजे स्टेनलेस) असा शिक्का कुठेही नाही, पातं कार्बन स्टीलचं, स्प्रिंगवर कानशीच्या हाताच्या खुणा आहेत, रिव्हेटची डोकी दोन्हीकडे सारखी नाहीत. म्हणजे १९०८ नंतरचा आणि माझ्या अंदाजाने स्टेनलेसचं राज्य यायच्या आधीचा. याहून जास्त नेमकं वर्ष सांगणाऱ्या विक्रेत्यांपासून जपून राहा.

मूठ शिंगाची आहे का सेल्युलॉइडची हे पण बघणं गरजेचं होतं. इंटरनेटवर सगळीकडे तापलेली सुई टोचून बघा असं सांगतात, कृपा करून हे करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. टॉर्च मागे धरला की शिंगात लांबट धागे, ढगाळ पट्टे दिसतात, सेल्युलॉइडमध्ये नक्षी एकसारखी दिसते, आणि अंगठ्याने जोरात चोळून गरम केलं की कापराचा वास येतो. इथे वास नाही, धागे आहेत, शिंगच. बरं झालं, कारण खराब व्हायला लागलेलं सेल्युलॉइड ॲसिडचे वायू सोडतं आणि त्याच डब्यातले बाकीचे चाकू पण गंजतात, तुमच्याकडे तसा एखादा असेल तर आजच वेगळा ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. या चाकूला आत धातूच्या पट्ट्या नाहीत, शिंगाचा एकच तुकडा, त्यात खाच कापून पातं आणि स्प्रिंग बसवलेले, म्हणून पाण्यात भिजवणं वगैरे पूर्ण बाद, शिंग फुगतं आणि वाकतं. पातं ज्या पिनवर फिरतं तिच्यावर बॅलिस्टॉल या तेलाचे थेंब, रात्रभर ठेवायचा, सकाळी थोडासा हलवायचा, काळं तेल पुसायचं, परत थेंब. जोर अजिबात नाही, कारण पिनभोवतीचं शिंग जुनं आणि कोरडं असतं, एकदा तडकलं की संपलं. काळं तेल येत राहिलं आणि मग एका सकाळी पातं आपणहून सुटल्यासारखं उघडलं, तो क्षण ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको.

गंजाचं म्हणाल तर लाल गंज काढायचा आणि करडी झाक ठेवायची एवढा एकच नियम मी पाळला. शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची म्हणजे अगदी बारीक स्टील वूल, भरपूर तेल, लांबीच्या दिशेने हात. जाड पापुद्रे होते तिथे जुन्या ब्लेडची कड जवळजवळ आडवी धरून खरवडले. खड्डे तसेच ठेवलेत, ते घालवायला गेलो असतो तर पातं निम्मं झालं असतं आणि शिक्का पण गेला असता. डायमंडचं चाक, ड्रेमेल, बफ असं मशीनवर फिरणारं काहीही लावलं नाही. पातळ धारेवर उष्णता क्षणात चढते, फिक्का पिवळा रंग साधारण २०० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास, आणि निळा दिसला म्हणजे पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग ती धार टिकणार नाही.

एक मित्र घरी आला होता, पुण्याचाच, बघून म्हणाला, "अरे एवढी मेहनत घेतोयस तर घासून टोकदार पण करून घे ना, भारी दिसेल." मी म्हटलं, बाबा, त्या कापलेल्या टोकामुळेच तर हा चाकू कुठल्या काळातला ते कळतंय. टोकदार केलं तर हातात उरेल एक आखूड, ओळख नसलेला चाकू. त्याला खाचेतली ती २ मिलिमीटरची जागा दाखवली तेव्हा तोच भिंग घेऊन बसला.

पातं डावी-उजवीकडे किंचित हलत होतं. छोट्या ऐरणीवर रिव्हेटचं डोकं ठेवून लहान गोल तोंडाच्या हातोडीने अगदी हलके ठोके, प्रत्येक दोन-तीन ठोक्यांनंतर उघडून बघायचं. पूर्ण घट्ट केलं नाही, केसभर हालचाल राहू दिलीये, रिव्हेट फुगून शिंग फाटण्यापेक्षा ते कधीही चांगलं. धार १००० ग्रिटच्या दगडावर, मग त्याहून बारीक ३०००, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, जुना कोन होता तोच धरून. टोमॅटो स्वतःच्या वजनाने कापला जातो, अजून काय पाहिजे. सफरचंद कापल्यावर धारेजवळ निळसर करडी छटा यायला लागलीये, ती तशीच येऊ देणार, व्हिनेगरमध्ये बुडवून घाईने आणणार नाही.

पात्याला मिनरल ऑइल लावतोय कारण त्याने फळं कापणार आहे. जे चाकू नुसते ठेवायचेत त्यांच्यासाठी रेनेसाँस वॅक्स, ब्रिटिश म्युझियमच्या लोकांनी १९५० च्या दशकात तयार केलेलं, माझ्या अनुभवात त्याच्या तोडीचं दुसरं नाही. आणि इटलीत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, १९७५ च्या ११० नंबरच्या कायद्याप्रमाणे सबळ कारण नसताना चाकू खिशात घेऊन फिरता येत नाही, बोथट टोक असलं तरी. पिकनिकला नेताना मी बास्केटमध्ये ब्रेडबरोबर ठेवतो.

राहिली मूठ. मागच्या टोकाला धाग्यांच्या दिशेने एक चीर आहे, साधारण १५ मिलिमीटर, आणि शेजारी किड्याने खाल्लेली दोन बारीक भोकं. किडा जिवंत नाही याची खात्री करायला चाकू काळ्या कागदावर ठेवला होता, भुकटी पडली नाही, म्हणजे जुनंच आहे. सध्या दर आठवड्याला नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) अगदी पातळ हात देतोय, चिरेच्या कडांना मात्र तेल लागू देत नाही कारण तिथे पुढे चिकटवायचंय. पातळ सुपरग्लू बारीक चिरेत आपोआप आत ओढला जातो पण तो परत निघत नाही, आणि शिंग हवेप्रमाणे हलतं त्यामुळे चीर शेजारून परत उघडायची भीती असते. म्हणून आधी शिंगाची बारीक पूड गोंदात कालवून एका फुटक्या मुठीच्या तुकड्यावर करून बघणार, रंग जुळतोय का आणि कोरड्या हवेत टिकतंय का ते बघून मगच या मुठीला हात लावणार.