जुना दरवाजा, चौरंग आणि सुताचे कोन

रविवार

घरात ऑफिस मांडायचं ठरलं की आधी माळा रिकामा होतो. पेट्या, फळ्या, खोकी सगळं खाली येतं आणि संध्याकाळपर्यंत खोलीचं भंगाराचं दुकान होतं. म्हणून आज कशालाही हात लावायचा नाही, फक्त टेप. ज्या खुर्चीवर रोज बसायचं तिच्यावर ताठ बसायचं, तळपाय जमिनीला टेकवायचे, कोपर काटकोनात आणायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यायचं. तीच टेबलाची उंची. तयार टेबलं बहुधा २९-३० इंचांची असतात. पाच-सव्वापाच फुटांच्या माणसाला २५-२६ इंच पुरतात. वरच्या या तीन-चार इंचांपायीच संध्याकाळी खांदे भरून येतात, आणि दोष मात्र खुर्चीला मिळतो.

जागाही आजच. सोलापुरात पश्चिमेची भिंत नको. उन्हाळ्यात ती दुपारभर तापते आणि दिवेलागणीनंतरही धग सोडत राहते. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत धरायची आणि खिडकी डाव्या हाताला ठेवायची, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना सावली कागदावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट करावं.

सोमवार

टेबलाच्या वरच्या फळीसाठी जुन्या फ्लश दरवाजासारखी (दोन्ही बाजूंनी सपाट प्लाय लावलेल्या) दुसरी वस्तू नाही. अडीच फूट रुंदी म्हणजे स्क्रीन हातभर लांब ठेवूनही पुढे वहीला जागा उरते. फक्त तो न्हाणीघराचा असेल तर खालची कड फुगलेली असते. बोटाच्या पेराने खालून वर ठोकत जायचं. आवाज बद्द येतो तिथपर्यंतचा भाग कुजलाय असं समजून कापायचा. कापल्यावर आत पोकळी दिसली तर तिथे त्याच जाडीची लाकडी पट्टी फेविकॉल लावून बसवायची आणि रात्रभर वजनाखाली ठेवायची. ती न बसवता तशीच कड ठेवली तर कोपराच्या भाराने वरचा पातळ प्लाय महिन्याभरात चेपतो.

कुलपाचं भोक बुजवायचं नाही. ती बाजू भिंतीकडे घ्यायची, चार्जरची वायर तिथून खाली उतरते. बिजागऱ्यांच्या खाचा मात्र लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरायच्या आणि वाळल्यावर ८० नंबरच्या, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायच्या.

पाय म्हणून एका टोकाला शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड, दुसऱ्या टोकाला एकावर एक दोन पत्र्याच्या ट्रंका. उंची जुळली नाही तर ट्रंकांखाली विटा किंवा फळी. स्टँडचं पायडल तारेने बांधून टाकावं, नाहीतर बोलता बोलता पाय त्यावर जातो आणि टेबल डोलायला लागतं. ट्रंकांच्या मध्ये आणि दरवाजाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे वीतभर तुकडे घालायचे. पत्र्यावर लाकूड सरकत नाही आणि टाइप करताना येणारा खडखडाटही थांबतो. खालच्या ट्रंकेत वर्षातून एकदा लागणारे कागद, वरच्या ट्रंकेत काहीच नाही. दरवाजा उचलल्याशिवाय तिचं झाकण उघडणार नाही, हे आधी लक्षात येत नाही.

मंगळवार

लॅपटॉप टेबलावर तसाच ठेवला तर मान खाली झुकते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. त्यासाठी चौरंग. (पूजेचा उचलला तर घरात वाद होणार, जुना निवडावा.) सहा-सात इंचांचा असेल तर एकट्याने काम भागतं, पण मग कीबोर्ड आणि माउस वेगळे लागतात. लॅपटॉप वर आणि बोटंही वर, असं केलं तर मान सुटते आणि मनगट अडकतं. दोन इंचांचा पाट पायाखाली ठेवला की खुर्ची उंच पडणाऱ्याचे पायही लोंबकळत नाहीत.

पाठीला टर्किश टॉवेल. घट्ट गुंडाळी करून दोन्ही टोकं सुतळीने बांधायची. चार इंच जाड झाली की पुरे, कमरेच्या खोलगट भागात बसते. आपल्याकडे टॉवेल आणि चादरी यांचा तोटा नाही, आणि नेमकी तिथेच गफलत होते. टेबल छान दिसावं म्हणून त्यावर चादर अंथरतात. जेकार्डची (नक्षीच्या विणकामाची) ती जाड वीण लॅपटॉपच्या पोटाखालच्या जाळ्या बुजवते, आणि वापरून विरलेल्या सुताची लव पंख्यात ओढली जाते. एप्रिलमध्ये खोलीच चाळिशीला टेकलेली असते, त्यात पंख्याचा घसा कोंडला की मशीन मंदावतं. चादरीची जागा भिंतीवर. पाठीमागच्या रिकाम्या भिंतीवर पडद्याच्या दांडीला सैल, चुण्या पाडून सोडली की खोलीतला घुमणारा आवाज दबतो आणि व्हिडिओ कॉलला मागचा पसाराही झाकतो.

बुधवार

फायलींसाठी पुठ्ठा. डाळिंबाची किंवा सुताची खोकी जाड असतात, ती घ्यावीत. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा. म्हणून फाइल उभी ठेवायचा डबा आतून १० सेंटिमीटर रुंद, २५ खोल, मागे ३१ उंच आणि पुढे १५. बाजू तिरकी कापायची. पुठ्ठ्यातल्या नागमोडी नळ्या उभ्या येतील असं बघूनच आखायचं. आडव्या आल्या तर फायलींच्या वजनाने डबा पोट काढतो.

वरून कागद चिकटवताना तो एकाच बाजूने चिकटवला की पुठ्ठा वाकतो. ओला कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतूनही तेवढाच कागद लावला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. गव्हाच्या पिठाची खळ फुकटात पडते, पण झुरळांना आणि कसरीला ती मेजवानीच. बुकबाइंडर तीत चिमूटभर मोरचूद टाकत आले आहेत. मोरचूद विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात तो प्रयोग नको. तिथे सरळ फेविकॉल वापरावा.

एवढं करूनही मे महिन्यात पुठ्ठ्याचे डबे मऊ पडतात, कारण कूलर. त्याच्या ओल्या झोताच्या रेषेत पुठ्ठा, कागद आणि लॅपटॉप यांपैकी काहीही नको. झोत पाठीवर किंवा बाजूने यावा आणि समोरची खिडकी बोटभर उघडी राहावी. दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर गार करायचंच थांबतो.

गुरुवार

आंब्याच्या लाकडी पेटीचा भिंतीवरचा रॅक. आधी दोन दिवस गच्चीवर उन्हात. खिळे हलकेच ठोकून काढायचे, नवे खिळे ठोकण्याआधी टोक हातोडीने बोथट करायचं. टोकदार खिळा तंतूंमध्ये पाचरीसारखा शिरून पातळ फळी चिरतो. विटांच्या भिंतीत ६ एमएमचं भोक, गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रू धरणारी नळी) आणि दीड इंची स्क्रू. पेठेतल्या जुन्या दगड-मातीच्या घरात गिट्टी धरतच नाही. तिथे पेट्या जमिनीवर एकावर एक, ट्यूबच्या तुकड्यांवर. इतकं साधं काम, पण याच घरांमध्ये लोक दहा ठिकाणी भोकं पाडून बसतात.

शुक्रवार

वायरी. सुताचा कागदी कोन (शंकूसारखी नळी) हा मुळात गुंडाळण्यासाठीच असतो, तेव्हा राउटरची उरलेली लांब केबल त्यावर गुंडाळावी आणि कोन खिळ्यावर अडकवावा. कोनावर वीज वाहणारी वायर गुंडाळायची नाही. वेटोळ्यात उष्णता बाहेर पडत नाही, वरचं आवरण मऊ होतं. त्याच कारणाने एक्स्टेंशन बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवायचा नाही. दरवाजाच्या खालच्या बाजूला दोन स्क्रूंवर टांगला की फरशी पुसतानाचं पाणीही लागत नाही. ६ अँपिअरच्या बोर्डावर १३०० वॅटच्या आसपास थांबायचं. लॅपटॉप, राउटर, टेबलफॅन मिळून दोनशेच्या आत असतात. इस्त्री आली की गणित बिघडतं, तिचं पिन दुसऱ्या खोलीत.

राउटर धुळीपासून वाचावा म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवतात, तोही बाहेर काढायचा. धातूतून सिग्नल पार होत नाही. आंब्याची पेटी उत्तम, फटीही आपसूक मिळतात.

जुनं काहीही चालेल, बोर्ड तेवढा नवा आणि आयएसआय मार्कचा. उरलेला खर्च स्क्रू, गिट्ट्या, पॉलिश पेपर आणि फेविकॉलचा.